फेकजाळ्याच्या गोळ्यांसाठी शिसं: कुठलं घ्यावं आणि कुठलं घेऊ नये

सदलग्याकडच्या, दूधगंगेकाठच्या एका तरुणानं विचारलंय. आजोबांचं जुनं फेकजाळं कुजलं म्हणून त्यांनी नायलॉनचं नवं विणून घेतलंय, आणि मिरगाच्या आत, चढणीचे मासे सुरू व्हायच्या आधी, त्याला शिशाच्या गोळ्या लावायच्या आहेत. चिक्कोडीत कुणीतरी जुन्या बॅटरीच्या प्लेटा शंभर रुपये किलोनं द्यायला तयार आहे. त्या वितळवून गोळ्या ओतल्या तर चालतील का? नाहीतर चांगलं शिसं कुठं मिळतं, काय भावानं? आणि जाता जाता एक: त्याच शिशातून चुलत्यांच्या ठासणीच्या बंदुकीलाही चार गोळ्या ओतता येतील का?

शेवटचं आधी निकालात काढतो. पिकाच्या राखणीचा बंदुकीचा परवाना असला म्हणून दारूगोळा बनवायचा परवाना मिळालेला नसतो. शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे आणि त्यात बनवण्याचा परवाना वेगळा लागतो. चुलत्यांना लागेल ते त्यांनी परवानाधारक दुकानातून, आपल्या परवान्यावर नोंद करून घ्यावं. तुम्ही त्यात पडू नका. हा विषय माझ्यापुरता इथंच संपला.

पण त्या प्रश्नाचा एक धागा जाळ्यालाही लागतो. शिसं ओतण्याबद्दल इंटरनेटवर जे काही सापडतं त्यातलं बरंचसं परदेशातल्या बंदूकवाल्यांनी लिहिलेलं आहे. त्यांना कडक शिसं लागतं, म्हणून ते अँटिमनी किती, कथील किती, याच्या मागे असतात. ते वाचून आपली पोरं जाळ्यासाठीही कडक शिसं शोधायला लागतात. जाळ्याला बहुतेक वेळा मऊ शिसंच हवं. गोळी दोरीवर दाबून बसवायची असते, आणि कडक मिश्रधातू दाबला की तडकतो.

माझी बेळगावच्या उद्यमबागेत नॉन-फेरसची, म्हणजे लोखंड सोडून बाकीच्या धातूंची, छोटी फाउंड्री आहे. रोजचं काम पितळ आणि ॲल्युमिनियमचं. शिसं हंगामी. उन्हाळा सरत आला की हिडकल, यडूर, सदलगा या बाजूची भोई मंडळी वजनं ओतून घ्यायला येतात आणि येताना बहुतेक जण आपलं शिसं घेऊनच येतात. त्या पिशव्यांतून काय काय निघतं ते बघून माझं मत असं झालंय की शिसं मिळवणं ही अडचण नाहीच. ते गल्लोगल्ली मिळतं. हातात आलेल्या ढेकळात आणखी काय मिसळलंय, ते याआधी कशात होतं, हे कळत नाही तिथं सगळं बिघडतं. भाव नंतर बघा, आधी त्या शिशाचं मूळ गाव विचारा.

आता बॅटरी. यावर जरा सविस्तर बोलतो, कारण दर वर्षी हाच प्रश्न येतो.

बॅटरीची प्लेट म्हणजे शिशाची जाळी आणि त्या जाळीत भरलेला लगदा. लगदा हा धातू नव्हे. वापरलेल्या बॅटरीत तो लेड सल्फेट आणि लेड ऑक्साइड असतो, आणि चुलीवर किंवा गॅसवर कितीही तापवला तरी त्याचं शिसं होत नाही. कारखान्यात त्यात कोळसा वगैरे घालून हजार अंशांच्या घरात भट्टी चालवतात तेव्हा कुठं त्यातला धातू सुटतो. तुमच्या कढईत वितळणार ती फक्त जाळी. बाकीची राखाडी-तपकिरी भुकटी वर तरंगत राहणार. तीच तुम्ही पळीनं काढणार, अंगणात टाकणार, आणि ती वाऱ्यानं घरात येणार.

हिशोब करून बघा. प्लेटांच्या वजनात जाळीचा धातू ढोबळ मानानं चाळीस टक्क्यांच्या आसपास. तुम्हाला गोळ्यांसाठी साडेचार किलो शिसं लागणार असं धरलं, तर बारा किलो प्लेटा आणाव्या लागतील. शंभरच्या भावानं बाराशे रुपये. गॅस वेगळा, आणि सात-आठ किलो विषारी भुकटी पदरात. एवढ्याच पैशांत शुद्ध शिसं कसं येतं ते पुढं सांगतो. स्वस्त म्हणून ज्याच्या मागे लागलात ते मुळात स्वस्त नाही.

पैशांचं झालं, आता जिवाचं. प्लेटांना गंधकाचं आम्ल चिकटलेलं असतं. जाळी कडक व्हावी म्हणून तिच्यात अँटिमनी आणि कणभर आर्सेनिक घातलेलं असू शकतं. नव्या, पाणी न घालाव्या लागणाऱ्या बॅटऱ्यांत कॅल्शियम असतं. या सगळ्यांची मळी (वितळल्यावर वर येणारा कचरा) एकत्र झाली आणि तिला ओल लागली की आर्सीन आणि स्टिबीन नावाचे वायू सुटू शकतात. दोन्ही जहाल विषारी. जुन्या, पाणी घालाव्या लागणाऱ्या आणि नव्या बॅटऱ्यांच्या प्लेटा भंगारात एकत्रच पडलेल्या असतात, तेव्हा कुठल्या पोत्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

हे मी भीती घालायला सांगत नाही. सेनेगलची राजधानी डाकार, तिच्या उपनगरात थिआरोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथले लोहार वर्षानुवर्षं गाड्यांच्या बॅटऱ्यांतून शिसं काढून मासेमारीच्या जाळ्यांची वजनं ओतायचे. नेमकं तुम्ही करायला निघालात तेच काम. २००७ साली जगात शिशाचा भाव चढला तेव्हा लोक तिथली माती चाळून तिच्यात मुरलेलं शिसं विकायला लागले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ एवढ्या काळात त्या वस्तीत १८ लहान मुलं दगावली. मोठ्या माणसाच्या अंगात शिसं हळूहळू साठतं, रक्तदाब, पोट, मूत्रपिंड असं काहीबाही काढत राहतं. लहान मूल जमिनीवर रांगतं, हात तोंडात घालतं, त्याला ते लवकर आणि जास्त भिनतं, आणि मेंदूवर झालेला परिणाम पुढं भरून निघत नाही. शिशाची अमुक इतकी मात्रा मुलाला चालते अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेनं ठेवलेलीच नाही.

शिवाय २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुनी बॅटरी गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या नोंदणीकृत माणसाकडंच जायला हवी. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी घरात पडली असेल तर नवी घेताना दुकानदाराला द्या, तो किमतीत वजावट देतो. त्या पैशात मऊ शिसं आणा. बॅटरीतून शिसं काढायचा हाच एक मार्ग मी सुचवीन.

तर मग चांगलं शिसं येतं कुठून?

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे नवं पिग लेड (कारखान्यात ओतलेली शिशाची लादी), नाहीतर शिशाचा पत्रा. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी इथं तांबं-पितळ-जस्त विकणारे नॉन-फेरस धातूंचे व्यापारी असतात, त्यांच्याकडं ते मिळतं. पिग साधारण २५ किलोचा असतो, पण मागितलं तर कापून देणारे आहेत. ९९.९७ किंवा ९९.९९ टक्के शुद्धतेचा शिक्का असतो. एवढी शुद्धता जाळ्याला लागत नाही, पण तिच्यामुळं बाकीच्या शंका मिटतात. मी स्वतः गिऱ्हाइकाला पहिल्यांदा हेच सांगतो.

त्याच्या खालोखाल जुन्या पाण्याच्या पाइपांच्या जोडांतलं शिसं. बिडाच्या पाइपांचे जोड पूर्वी ताग ठासून आणि वर शिसं ओतून बंद करायचे. शहरात लाइनी बदलतात तेव्हा ते कड्यांच्या रूपात निघतं. हे मऊ असतं, जाळ्याला एकदम योग्य. त्याच्यासाठी आयएस ७८२ हे वेगळं मानकच आहे, म्हणजे मूळ माल ठरावीक दर्जाचा असतो. ताग, माती, गंज चिकटलेला असतो तेवढा झाडून घ्यावा लागतो. पण ते महापालिकेच्या किंवा पंचायतीच्या मालकीचं असतं हे विसरू नका. रात्री कुणी पोतं घेऊन दारात आला तर घेऊ नका. लिलावात घेतलेल्या भंगारवाल्याकडून, पावती करून घ्या.

हीच गोष्ट जुन्या टेलिफोन केबलची. जमिनीखालच्या जुन्या केबलवर शिशाचं कवच असायचं, आत कागद गुंडाळलेल्या तांब्याच्या तारा. कवचाचं शिसं जवळजवळ शुद्ध, त्यात नावापुरतं कथील किंवा अँटिमनी. माल उत्तम आहे, फक्त दोन अटी. एक पावतीची, कारण केबलचोरी हा आपल्या भागातला जुना धंदा आहे. दुसरी म्हणजे वरचं डांबर आणि आतला कागद सोलून काढल्याशिवाय आचेवर ठेवायचं नाही. त्या धुरानं गल्ली जागी होते.

राष्ट्रीय महामार्गावर, संकेश्वरपासून कित्तूरपर्यंत, जागोजागी टायरची दुकानं आहेत. चाक बॅलन्स करायला रिमला लावतात ती वजनं तिथं बादलीत साठलेली असतात. पूर्वी ती डोळे मिटून घ्यावीत अशी होती. आता नाही. युरोपात २००५ पासून नव्या गाड्यांवर शिशाची वजनं बंद झाली आणि तेव्हापासून जस्ताची आणि लोखंडाची वजनं सगळीकडं पसरली. पीबी (शिसं), झेडएन (जस्त), एफई (लोखंड) अशी रोमन अक्षरं उठवलेली असतात ती बघून निवडावी लागतात. अक्षरं नसलेली बाजूला ठेवून तपासायची. पीबीवाल्यांतही दोन जाती. चिकटपट्टीनं लावायची असतात ती जवळजवळ शुद्ध, मऊ. क्लिपनं अडकवायची असतात त्यांत तीनेक टक्के अँटिमनी, म्हणून जराशी कडक. दिवसभर बसून निवडायची चिकाटी असेल तर हा माल बरा. नसेल तर सोडून द्या.

छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, घेऊन येणारेही भेटतात. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर सगळीकडं ट्रेडल मशिनं बंद झाली आणि खिळ्यांच्या पेट्या भंगारात गेल्या. तो धातू शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा आहे. ओतायला फार सुरेख, साच्यातली रेघ न् रेघ उठते, पण कडक आणि ठिसूळ. कडकपणाच्या ब्रिनेल मापात शुद्ध शिसं पाचच्या आसपास, तर ओळी पाडणाऱ्या लायनोटाइप यंत्राचा धातू बावीसच्या आसपास. दोरीवर दाबायला जाल तर तुकडे होतील. मऊ शिशात दहाव्या हिश्शानं मिसळता येतं, एवढाच उपयोग. आणि देवनागरीचे अखंड संच दिसले तर कृपा करून वितळवू नका. ते कुणी तरी जपायला घेईल, आणि भंगारापेक्षा चार पैसे जास्तच देईल.

भंगारात काळपट, वेड्यावाकड्या लाद्या दिसतात, कुणीतरी घरी ओतलेल्या. विकणारा सांगतो, ‘केबलचं आहे हो’. माझा अनुभव असा की त्या बहुतेक बॅटरीच्याच असतात. घ्यायच्याच असतील तर एक लादी मधोमध कापून दाखवायला सांगा. पोटात वाळू, मळी, कधी लोखंडाचा तुकडाही निघतो. कापायला नकार मिळाला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आता ओळखायचं कसं. नखानं ओरखडा काढा. मऊ शिशावर नख उठतं, कडकावर घसरतं. कागदावर घासलं तर मऊ शिसं पेन्सिलीसारखी गडद राखाडी रेघ सोडतं (रेघ काढून झाली की हात धुवा). चाकूनं कापल्यावर कापलेली बाजू चकचकीत असते आणि बघता बघता काळवंडते. फरशीवर टाकलं तर शिशाचा आवाज ठप्प येतो, जस्ताचा टण्ण. जस्ताची शंका असेल तर मोकळ्या हवेत संडास धुवायच्या ॲसिडचा एक थेंब टाका. जस्तावर लगेच फेस येतो, शिशावर काही होत नाही.

याहून पक्की परीक्षा स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर होते, आणि ती फार थोडे लोक करतात. ढेकूळ आधी कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. ढेकूळ दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. काट्यावर जो आकडा येईल त्यानं कोरड्या वजनाला भागा. शिसं असेल तर उत्तर ११.३ च्या आसपास येतं, जस्त असेल तर ७.१. म्हणजे अर्ध्या किलोच्या ढेकळाला काटा ४४ ग्रॅम दाखवेल तर शिसं, ७० दाखवेल तर जस्त. छापखान्याचा धातू साडेदहाच्या आगेमागे येतो. थोडंसं अँटिमनी यात कळणार नाही, त्याला नखाचीच परीक्षा. ढेकूळ पोकळ असेल तरीही आकडा कमी येतो, आणि ते कळलेलंही बरंच. भांडं मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

जस्ताचा एवढा बाऊ का, असं वाटेल. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला. आच मंद असेल तर जस्ताची वजनं न वितळता वर तरंगतात, पळीनं उचलून टाकता येतात. आच वाढली की जस्तही विरघळतं, आणि मग सगळा घाणा पिठल्यात गुठळ्या झाल्यासारखा होतो. साचा भरत नाही, गोळ्या अर्धवट निघतात. एकदा मिसळलेलं जस्त घरच्या घरी वेगळं काढणं कठीण. पाच किलो मालात दोन वजनं निवडायची राहिली तरी पुरे होतं.

किती घ्यायचं ते जाळ्यावर. तुमचं जाळं किती हातांचं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी माझ्याकडं नेहमी येतं ते माप धरतो. मधल्या दोरीपासून कडेपर्यंत पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. कडेचा घेर साधारण १७ मीटर. साडेआठ सेंटीमीटरला एक अशी २० ग्रॅमची गोळी लावली तर २०० गोळ्या, एकूण ४ किलो. स्वच्छ पिग असेल तर मळीत दोन-तीन टक्के जातं, पाइपाच्या कड्यांत त्याहून बरंच जास्त. साडेचार ते पाच किलो घ्या.

वजन वाढवावं की कमी करावं हे नदीवर आहे. दूधगंगा आणि कृष्णा तुमच्या बाजूला संथ, तळाला गाळ. तिथं फार जड कड केली की जाळं गाळात रुततं आणि ओढताना काडीकचरा घेऊन येतं. खानापूरकडं मलप्रभेच्या वरच्या अंगाला किंवा पावसातल्या हिरण्यकेशीला ओढ जास्त, तिथं कड लवकर तळाला टेकायला हवी, नाहीतर मासा खालून निसटतो. तिथं माणसं पाच किलोही घालतात. खडकाळ तळावर मऊ गोळ्या ठेचून चपट्या होतात आणि कपारीत अडकतात. तेवढ्या एका ठिकाणी मी क्लिपवाल्या वजनांचं, जरा कडक शिसं वापरायला सांगतो, पण मग गोळी दाबायची नाही; आरपार भोक ठेवून मण्यासारखी ओतायची आणि दोरीत ओवायची. तुम्हाला याची गरज नाही.

भाव. गेल्या दोन-तीन वर्षांत एमसीएक्सवर, म्हणजे धातूंच्या वायदे बाजारात, शिसं किलोला १८० रुपयांच्या आगेमागे आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की २१२ होतात. पाच किलोचे १०६०. किरकोळ घेताना व्यापाऱ्याचं वरचं धरून अकराशे-बाराशेच्या घरात जाईल. मोबाईलवर त्या दिवसाचा एमसीएक्सचा भाव बघूनच दुकानात शिरा, म्हणजे कुणी तीनशे सांगितला तर कळेल. भंगारातलं मऊ शिसं याहून कमीत मिळायला हवं. नव्याच्या भावाला जवळ येत असेल तर सरळ नवं घ्या. काटा समोर करायला लावा, ओला माल घेऊ नका. आणि दुकानात ‘एष्टु री?’ एवढं कन्नडमध्ये विचारून सुरुवात केली तर पुढचं बोलणं मराठीत झालं तरी भाव जरा बरा लागतो, असं आपलं माझं निरीक्षण.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही. एकाच जाळ्यासाठी तुम्हाला शिसं वितळवायची गरजच नाही. दोन मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा घ्या, एक्स-रेच्या खोलीला लावतात तसा. त्याचा तीन सेंटीमीटर बाय तीन सेंटीमीटरचा तुकडा जवळजवळ २० ग्रॅमचा होतो. म्हणजे ६० बाय ३० सेंटीमीटरच्या पत्र्यात तुमचे २०० तुकडे. पत्राकात्रीनं कापायचे, कडेच्या दोरीभोवती गुंडाळायचे, लाकडी हातोडीनं दाबायचे. मऊ शिसं लगेच बसतं. ना धूर, ना मळी, ना भाजायची भीती, आणि वजन सगळीकडं सारखं. कापलेल्या कडा दोरीच्या बाजूला टोचणार नाहीत एवढ्या दाबून घ्या, नाहीतर नायलॉन झिजतं. पत्र्याचा भाव पिगपेक्षा जास्त असतो, पण ओतण्याचा खटाटोप वाचतो. नाहीतर मालवण, रत्नागिरी, कारवारकडं जाळ्यांच्या दुकानांत तयार गोळ्याही मिळतात. कुणी येणारं-जाणारं असेल तर मागवा.

गोळी दाबायला पक्कड वापरा. दात नाही. आमच्याकडं येणारी जुनी माणसं सर्रास दातानं दाबतात आणि ‘आमच्या आज्यानंही असंच केलं’ म्हणतात. दर गोळीमागे थोडं शिसं तोंडात जातंच. आज्याच्या रक्तातलं शिसं कुणी मोजलं नव्हतं.

शिशाऐवजी लोखंडी साखळी कडेला लावणारेही आहेत. शिशाचं विष टळतं, पण साखळी गंजते आणि गंजानं दोरी खाल्ली जाते, वर तेवढ्याच वजनाला ती जास्त जागा घेते. इंग्लंडमध्ये हंस शिशाची वजनं गिळून मरायला लागले म्हणून १९८७ पासून गळाच्या लहान वजनांवर बंदी आली. आपल्याकडं अजून तसं काही नाही, पण तुटलेल्या गोळ्या नदीत सोडू नयेत एवढं आपल्या हातात आहे.

एवढं सांगूनही ओतायचंच म्हणत असाल, तर मिरगाच्या आधीच करा आणि कोरड्या दिवशी करा. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. ओला तुकडा, थंड दमट पळी, घामाचा थेंब, अचानक आलेला वळीव, काहीही पुरतं. म्हणून तुकडे आधी उन्हात तापवून घ्या, आच लागायच्या आधीच सगळे कढईत टाका. वितळलेल्यात नवा तुकडा टाकू नका. कढई लोखंडी, जाड, आणि पुन्हा कधीही स्वयंपाकात न जाणारी. जागा घरापासून लांब, वारा पाठीमागून येईल अशी. अंगभर सुती कपडे, बंद बूट, चामडी मोजे, डोळ्यांवर चष्मा. मुलं आणि गरोदर बाई आसपास नको. वाळलेली काडी बुडवून बघा: ती तपकिरी झाली तर आच बरोबर, पेटली तर जास्त. शिसं तांबूस दिसायला लागेपर्यंत तापवणं ही शुद्ध मस्ती, तिथून वाफ सुटायला लागते. झाल्यावर आंघोळ करा आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा.

वर आलेली मळी अंगणात, उकिरड्यावर किंवा नदीत टाकू नका. ती झाडताना कोरडी उडवायची नाही. पळीनं अलगद काढून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. ज्या व्यापाऱ्याकडून शिसं घेतलंत त्याला दाखवा, त्यातही शिसं असतं म्हणून तो वजनावर घेतो. घेतला नाही तर डबा बंद करून, मुलांच्या हाताला लागणार नाही असा, कोरड्या जागी ठेवा आणि पुढच्या वेळी माल आणायला जाल तेव्हा सोबत न्या.